आठ पॉइंट नऊ

शाळेतल्या तपासणीचा कागद
प्रांजलनं कंपासपेटीतून काढला,
चार घड्यांचा, एका घडीवर चिंचेचा डाग.
हिमोग्लोबिन : आठ पॉइंट नऊ.
खाली निळ्या पेनानं, सकस आहार द्यावा.

द्यावा.
कारखान्याच्या फाटकावर
माग बंद केल्याची नोटीस लागली,
तिच्यातही शेवटी असंच होतं :
सहकार्य करावे.

ही मिरजेच्या दवाखान्यात, फरशीकामाला, रात्रपाळी.
म्हणून स्वयंपाक माझ्याकडं, पिशवीही माझ्याकडं.
किराणा-भाजीला साडेचार हजार,
त्यातच गॅस, त्यातच सासऱ्यांची तपकीर.
सुकुमारशेठच्या दुकानात मी आधी भाव विचारतो
मग भूक ठरवतो.

बाजारात दिवे लागल्यावर जातो.
तोवर भाजी मऊ होते, आणि भावही.
बेडगची हौसाक्का पोत्यावर उरलंसुरलं ओढून बसलेली.
कागद दाखवला. तिला वाचता येत नाही,
पण आकडा ऐकून म्हणाली,
"पोरगी पिवळी दिसतीय व्हय? मग ही तांदळी ने.
रानात आपापली उगवतीय,
म्हणून कुणी इचारत न्हाई तिला."
दहाला दोन जुड्या. तिसरी तिनं वर टाकली
आणि दुसरीकडं बघायला लागली,
मी नको म्हणू नये म्हणून.

कढई भंगारवाल्याकडून आणली,
जाड बुडाची, कान एक तुटलेला.
त्यानं काट्यावर ठेवली, दीड किलो भरली.
आमच्या घरात लोखंड आलं ते असं, वजनावर.

मग हुलगे. रात्री भिजत, सकाळी फडक्यात,
दुसऱ्या दिवशी मोड.
त्यांचं माडगं सासऱ्यांना चालतं, दात लागत नाहीत.
शाळूची भाकरी मला अजून गोल येत नाही.
ओम म्हणतो, आज श्रीलंका झाली.
अंडी आठवड्याला चार :
उकडून, शिवणाच्या दोऱ्यानं मधोमध कापायची,
सुरीनं कापलं की बलक एकाच्या वाट्याला जास्त जातो
आणि भांडणं होतात.

हे सगळं मी हिला फुशारकीनं सांगत होतो,
हिनं तिकडं जिन्सी सिस्टरला सांगितलं.
सिस्टर केरळची, मराठी तोडून बोलते.
म्हणाली, लिंबू पिळ. आणि चहा?
जेवणासोबत चहा देता?
देऊ नका. अंगाला लागू देत नाही तो.

चहा.

माग बंद झाल्यापासून अकरा महिने
संध्याकाळी पोरांना भूक लागली
की मी चहा ठेवायचो.
दूध चमचाभर, साखर मात्र सढळ,
बुडवायला टोस्ट, सहा-सहा.
पोटं भरायची. पोरं हसायची.
मला वाटायचं, निभावलं.

त्या रात्री कॅलेंडरच्या मागं आकडे मांडले :
चहापूड, साखर, टोस्टचे पुडे.
बेरीज दोनदा केली.
त्यात हरभरे बसत होते, गूळ बसत होता,
शेंगदाणे बसून वर लिंबांना पैसे उरत होते.
बेरीज खोडावीशी वाटली. खोडली नाही.
ही सकाळी आली, वाचली,
काही बोलली नाही,
टोस्टचा रिकामा डबा घासून
त्यात फुटाणे भरले.

तीन महिन्यांनी दुसरा कागद.
नऊ पॉइंट सहा.
अजून कमीच आहे, हे मलाही कळतं.
प्रांजल म्हणाली, "बाबा, हे पॉइंट सात
कशानं वाढले? तांदळीनं की कढईनं?"
मी म्हणालो, माहीत नाही.
ते खरं नव्हतं.

सासरे मात्र ऐकत नाहीत.
चारला कप वाजवतात.
त्यांच्यापुरता टाकतो, अर्धा कप,
आणि आधण उकळेपर्यंत
कढईला तेलाचं बोट फिरवतो.
कोरडी राहिली की गंजते.